रक्तात न सापडलेली चक्कर

खुर्चीत बसण्याआधी तो भिंतीला तळवा टेकायचा. भिंत जागेवर आहे अशी खात्री पटली की हळूच बसायचा, बाही वर करायचा आणि विचारायचा, "ताईनू, आज कायतरी गावतला मा?" गावतला म्हणजे सापडेल.

रक्त द्यायला आलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. काही निघू नये म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेली. ह्या गृहस्थाला मात्र काहीतरी निघायला हवं होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आखातात, जाब्रियातल्या एका लहान क्लिनिकात मी रक्त तपासायचे. तो सावंतवाडीकडचा, जवळच्या सालमियात इमारतींना पाइपांच्या परांच्या बांधणारा. वर चढला की त्याला सगळं गरगरायचं.

"फोरमन म्हणता, नाटकां करतंस," तो सांगायचा. "रगतात दिसला तर मगे तो गप ऱ्हवतलो."

डॉक्टरांना कानाचा संशय होता. पण कानाच्या तपासणीचा नंबर लांबचा, मेंदूच्या स्कॅनला कंपनी तयार नाही. तिला रक्ताचा रिपोर्ट पुरे होता. चक्कर कानातून येते की मेंदूतून, हे सांगणारी रक्तातली खूण आमच्याकडे नव्हती. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, इथवरच आमची धाव.

पहिल्या खेपेला हिमोग्लोबिन कमी निघालं. इतका खूश झालेला रोगी मी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी स्वारी खजुराचा डबा घेऊन हजर. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, कंपनीने खालचं काम दिलं.

घोटाळा केला तो त्याच्या खोलीत राहणाऱ्या गाववाल्यांनी. त्यांनी फारच मनावर घेतलं. पाळीपाळीने रांधून त्याला रोज कलेजी, बीट, डाळिंब. सोमवारी बाकीचे वरणभातावर आणि ह्याच्या ताटात कलेजी. काही आठवड्यांनी रक्त ठणठणीत झालं. चक्कर होती तशीच.

"ह्या मेल्यांनी माझा रगात सुधारल्यानी," तो म्हणाला. मला हसू आलं, पण त्याचे डोळे भरले होते.

रिपोर्ट चांगला, म्हणून त्याला पुन्हा वर चढवलं. अर्ध्यावरच तो पाइपाला मिठी मारून बसला. दोघांनी धरून खाली आणलं, आणि तो तसाच सिमेंटच्या कपड्यांत आमच्याकडे आला. "परत काढा. आता खराब आसतला."

मी काढलं. त्यात काही निघणार नाही हे ठाऊक असून मीही मनात म्हणत होते, काहीतरी निघू दे. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी असं मागताना फार वाईट वाटलं.

रिपोर्ट न्यायला तो आलाच नाही. कंपनीने त्याला गावी धाडलं होतं. आला तो त्याच्या खोलीतला, कलेजी रांधणारा सोबती. सगळे आकडे जागच्या जागी होते.

"म्हणजे ताईनू, त्याका कायेक जाला नव्हता?"

"झालं होतं," मी म्हटलं.

"मगे ह्येच्यात कसा नाय?"

मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याने कागदाची नीट घडी घातली. त्याचा चेहरा उजळला होता. "तेच्या बायलेक आजच फोन करतंय," तो म्हणाला. "सांगतंय, तेका कायेक नाय म्हणान."