अप्पांचा दुसरा प्रश्न

अप्पा, म्हणजे माझे वडील, फोनवर दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, जेवलीस का. दुसरा, पोट साफ झालं का. मी बेंगळुरूत नोकरीला, शेजारच्या खुर्च्यांवर ऑफिसची माणसं, आणि कानाशी हे! मी कसंबसं 'हो हो' म्हणून फोन ठेवायची. अप्पांचं आयुष्य गुलबर्ग्याच्या दाळ मिलमध्ये गेलं होतं. तूर आत जाते आणि दाळ, चुनी म्हणजे दाळीचा चुरा, टरफल वेगवेगळ्या तोंडांनी बाहेर पडतं. एक तोंड तुंबलं की अख्खी मिल बंद. माणसाच्या पोटाकडंही ते त्याच नजरेनं बघत. मला तेव्हा लाज वाटायची, आता त्या लाजेचीच लाज वाटते.

घरात त्यांची शिस्त कडक होती. सकाळी अंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि त्यानंतरच पहिला घास. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट लख्ख करायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्न म्हणजे प्रसाद, त्यातलं काही मोरीत जाता कामा नये. लहानपणी ते पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही. अप्पा मात्र ताक प्यावं तसं प्यायचे.

मग त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि बेंबीच्या उजवीकडं पोटाला एक तोंड करून त्यावर पिशवी चिकटवली गेली. नर्सबाईंनी कन्नडमधून नीट समजावलं. तोंडातल्या लाळेपासून पचन सुरू होतं, जठरात अन्न घुसळलं जातं, लहान आतडं त्यातलं सत्त्व शोषून घेतं, आणि उरल्यासुरल्यातलं पाणी मोठं आतडं ओढतं. आता ते मोठं आतडं वाटेत नाही, म्हणून पिशवीत पातळच येणार. पाणी, मीठ, साखर भरपूर पोटात जायला हवी. अप्पा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे वाळवणाची जागाच गेली म्हणा की." नर्सबाईंना मिल कुठली माहीत, त्या नुसत्याच हसल्या.

घरी आल्यावर मात्र त्यांचं हसू सरलं. पहिल्याच सकाळी त्यांनी गळ्यातलं लिंग काढून देवळीत ठेवलं. आमच्यात मेलेल्या माणसाच्या अंगावरूनसुद्धा लिंग उतरवत नाहीत, आणि हे जितेपणी काढून बसले. लिंगाचा चांदीचा करंडा छातीवरून खाली लोंबायचा तो थेट पिशवीपाशी. घाणीजवळ देव कसा ठेवू, एवढंच ते म्हणाले. लिंग नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून जेवण नाही. औषध म्हणून दोन चमचे पेज घ्यायचे, बस्स. खरं सांगायचं तर तो नेम त्यांच्या पथ्यावर पडला होता. खाल्लंच नाही तर पिशवी भरत नाही.

आठवड्यात डोळे खोल गेले, पायात गोळे यायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे असंच चाललं तर हातचा माणूस जाईल. मी रजा टाकून आले होते. शिकल्या-सवरल्यासारखं खूप बोलले, पालथ्या घड्यावर पाणी.

एका सकाळी अव्वानं, माझ्या आईनं, नेहमीसारखी पिशवी रिकामी करून धुतली. साबणानं हात धुतले आणि तशीच, दुसरी अंघोळ न करता, अप्पांच्या समोर बसली. स्वतःचं लिंग काढून तळहातावर घेतलं. अप्पांनी मान फिरवली.

"ह्याच हातानं आत्ता पिशवी धुतली," ती म्हणाली. "विटाळ वाटत आसंल तर तोंडावर सांगा, मी बी काढून ठेवते. लिंग आंगावर आसल्यावर विटाळ न्हाई, हे तुमीच शिकवलात मला."

अप्पांनी सदरा पिशवीवर ओढून घेतला. अव्वा थांबली नाही.

"तूर घातली तर टरफल निघतंयच की. टरफल निघायलंय म्हंजे मिल चालू हाय. चालू मिल कामून बंद करायलात?"

मग अप्पांनी डावा तळहात पुढं केला. अव्वानं देवळीतून त्यांचं लिंग आणून त्यावर ठेवलं. त्या दिवशी ते वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी जेवले, ताट धुऊन पाणी प्यायले. दुपारी सदरा वर करून स्वतःच पिशवीकडं पाहिलं आणि म्हणाले, "आली बघ दाळ." अव्वा तोंडाला पदर लावून हसत होती. मी आत जाऊन रडले.

पुढं दोन वर्षं मिळाली. फोनवर आता ते आधी स्वतःची बातमी द्यायचे, सकाळची भाजी दुपारी कशी पोचली ती. मग मला तेच दोन प्रश्न. मीही खरं सांगायला लागले की कामाच्या नादात पाणी पीत नाही, दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. मग मनुका भिजत घाल, कोमट पाणी पी. मी फोन ठेवायची घाई करत नव्हते.

आजार परत उलटला. शेवटचे तीन दिवस पिशवी रिकामी राहिली. अव्वा घडोघडी हातानं चाचपून बघायची. एके काळी ज्या वासानं आम्ही नाक मुरडलं, तो यावा म्हणून आम्ही देवाला हात जोडत होतो. तो आला नाही. गळ्यातल्या लिंगासकट त्यांना आमच्या रीतीनं मातीत बसवलं.

मी आता ताट धुऊन पाणी पिते. अप्पा हवे होते बघायला.

रविवारी अव्वाचा फोन येतो. जेवलीस का, ती विचारते. मी हो म्हणते आणि थांबते. दुसरा प्रश्न येत नाही, तो तिचा कधी नव्हताच. गेल्या रविवारी मीच म्हटलं, "अव्वा, पोट साफ झालं आज."



"बरं झालं," ती म्हणाली. "सांगते त्यांना."