वाघमारे बाई आणि अर्धं हैदराबाद

बारा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी हैदराबादहून जालन्याला परत आले, ती नळाला पाणी येणार होतं म्हणून. सहल चार दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सामान बांधलं. वय छप्पन्न, शाळेत तीस वर्षं घासलेली, घरी नवरा, मुलगा आणि नवी सून, तिघंही हातीपायी धड. पण मस्तगडातल्या आमच्या घरातला रांजण माझ्याशिवाय कुणाच्या हातून भरत नाही, अशी माझी पक्की समजूत. आपण आरवल्याशिवाय उजाडत नाही असं कोंबड्याला वाटतं म्हणतात. मी त्या कोंबड्याची थोरली बहीण होते.

एकटीच परत आले असते तर ते वेड माझ्यापुरतं राहिलं असतं. पण मी वाघमारे बाईंनाही ओढत आणलं. ते किती वाईट होतं हे कळायला आधी बाई माहीत हव्यात.

बाई आमच्याच शाळेत भूगोल शिकवायच्या. मूळ टेंभुर्णीच्या, माझ्याहून एका वर्षानं मोठ्या, ठेंगण्या, आणि चालायला लागल्या की पदर मागे उडेल इतक्या झपझप. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “उन्हाळ्याची सुट्टी वर्षातून एकच असती, बाई.” त्या सुट्टीत त्या एक शहर गाठायच्या. एक शहर, चार दिवस आणि खांद्याला एक पिशवी. पिशवीत दोन साड्या, एक चादर, स्टीलचा पेला आणि ऊन लागू नये म्हणून कांदा. घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर बिस्किटांचा एक डबा होता, त्यात गावोगावच्या सिटी बसची तिकिटं. देवळं, महाल, बागा यांचे फोटो इतरांनी काढावेत. बाईंकडे नागपूरचं, भोपाळचं, म्हैसूरचं, लखनौचं एकेक चुरगळलेलं तिकीट.

सहलीला निघालेला शाळेतला प्रत्येक जण आधी बाईंच्या टेबलाशी जायचा. बाई ठिकाणं सांगायच्याच नाहीत, रीत सांगायच्या. नव्या गावात उतरलं की पहिली सिटी बस पकडायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं. “गाव आधी स्वतःहून दिसू द्यावं, मंग आपण बघावं.” रस्ता विचारायचा तो भाजीवालीला. दुकानदार आधी साडी दाखवतो आणि मग रस्ता. जेवायचं तिथं, जिथं हमाल जेवतात. आणि मे महिन्यात बारा ते चार बाहेर पडायचंच नाही. “त्या टायमाला गाव बघायचं न्हाई. खोलीचं छत बघायचं. ते बी त्याच गावचं असतं.”

हल्ली माझा नातू फोनवर बोट फिरवून सांगतो, की अमुक धबधब्याला साडेचार तारे आहेत आणि तमुक किल्ल्याला चारच. किल्ल्याचा अर्धा तारा कुणी कापला, असं मी विचारते, तर त्याला राग येतो. पण त्याला हसायचा मला अधिकार नाही. छप्पन्नाव्या वर्षी मी त्याच्यापेक्षा मोठी शहाणी होते.

तोवर मी सहल म्हणून गावाबाहेर गेलेच नव्हते. लग्नं, बारशी, दहावे यांना जायचे. दर मे महिन्यात बाई विचारायच्या आणि दर मे महिन्यात माझा नळ आडवा यायचा. त्या वेळी आमच्याकडे पाणी आठवड्या-दहा दिवसांनी यायचं, तेही सांगून येईल तर शपथ. नळ यायच्या दिवशी मी सेनापती. टिल्लू मोटार कुठं लावायची, पाइप कुठून फिरवायचा, आधी पिण्याचं की आधी वापरायचं, सगळं माझ्या हुकमानं. शेवटी त्या वर्षी बाई म्हणाल्या, “कुसुम, नळाला पाय न्हाईत. तुला हाईत.” मी तयार झाले.

तयार झाले म्हणजे काय, तर दोन मोठ्या बॅगा, दशम्यांची चवड, चिवड्याचा डबा, तिखटाची बरणी आणि वीस लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन स्टेशनवर आले. परक्या गावचं पाणी बाधतं म्हणून जालन्याचं पाणी. ज्या गावात आम्ही घागर घागर मोजतो, तिथलं पाणी मी तलावांच्या गावाला नेत होते. बाईंनी कॅनकडे पाहिलं आणि हैदराबादवाल्यांना कळवलंय का, इतकंच विचारलं.

माझ्या पर्समध्ये पेपरच्या पुरवणीतलं एक कात्रण होतं, ‘दोन दिवसांत हैदराबाद’. त्यात अकरा ठिकाणं. प्रत्येकापुढे मी वेळ लिहिली होती, शाळेच्या वेळापत्रकासारखी. चारमिनार, पस्तीस मिनिटं. लघवीला सुद्धा मी दोनदा पाच-पाच मिनिटं ठेवली होती. बाईंनी कात्रण वाचलं, घडी घालून परत दिलं आणि मला सिटी बसमध्ये बसवलं. माझी चिडचिड झाली. खिडकीतून गॅरेजं, शाळा, चिंचेची झाडं, कपडे वाळत घातलेले सज्जे, एक लग्नाची वरात. यातलं एकही कात्रणात नव्हतं.

त्याच बसमध्ये बाईंनी मला डोळ्यांचं सांगितलं. काचबिंदू. नजर कडेकडेनं जाते, मध्ये राहते, आणि गेलेली परत येत नाही. औषधानं वेग कमी होतो, एवढंच. डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्या खिडकीकडेला बसायच्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गोवळकोंड्याच्या अगदी माथ्यावर जायचं आणि अख्खं हैदराबाद या टोकापासून त्या टोकापर्यंत मान न वळवता बघायचं.

“अजून मावतं गं,” त्या म्हणाल्या. “पुढल्या साली मावंल का न्हाई, सांगता येत न्हाई.”

मी त्यांचा हात दाबला. डोळ्यांत पाणीबिणी आणलं. मग लगेच घड्याळ पाहिलं, कारण चारमिनारची पस्तीस मिनिटं सुरू व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीचं छत बघत पडलो होतो, तेव्हा आमच्या ह्यांचा फोन आला. सहज केला होता बिचाऱ्यांनी. जेवलीस का, ऊन किती, आणि बोलता बोलता, उद्या सकाळी नळ येणार म्हणतात. झालं. मी उठून बसले. सुनेला टिल्लू मोटार लावता येत नाही. ह्यांना पाइप सापडत नाही. मुलगा उठत नाही. रांजण रिकामा राहिला तर पुढचे दहा दिवस? मला डोळ्यांसमोर घरातली माणसं वाळवंटातल्यासारखी जीभ बाहेर काढून दिसायला लागली.

एकटी जाते, असं मी म्हटलं खरं. पण परभणीच्या पुढे मी कधी एकटी गेले नव्हते आणि हे बाईंना माहीत होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर चुकवली आणि बॅगेची चेन ओढता ओढता ते वाक्य बोलले, जे आठवलं की अजून स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

“किल्ला काय, कुठं पळून जातोय का?”

 बाईंनी उठून तोंड धुतलं, दोन साड्यांच्या घड्या केल्या, चादर गुंडाळली. स्टेशनवर रांगेत त्याच उभ्या राहिल्या. जनरलच्या डब्यात बसायला जागा नव्हती, म्हणून त्या माझ्या पाण्याच्या कॅनवर बसल्या. सहलीत त्या कॅनचा झालेला हा एकमेव उपयोग.

सकाळी घरी पोचले तर नळ चालू होता. रांजण भरलेला, ड्रम भरलेले, हंडे, कळशा, पातेली भरलेली. कुकर भरलेला. सुनेनं टिल्लू मोटार लावली होतीच, वर पाइपाला फडकं गुंडाळून गळतीही बंद केली होती, जी मला सहा वर्षांत जमली नव्हती. आमचे हे अंगणात उरलेल्या पाण्यानं स्कूटर धूत होते. मला बघून त्यांनी विचारलं, कुणी गेलं का? त्यांच्या समजुतीनं, माणूस मेल्याशिवाय कुणी सहलीतून असं येत नाही.

मी काय करावं? रांजणावरचं झाकण नीट बसलं नाही म्हणून सुनेला बोलले. तिनं मुकाट्यानं झाकण सरकवलं. आज तीच मला टिंगलीत म्हणते, आई, फिरायला जा, नळ आला तर कळवणार नाही.

बाईंनी मला कधी टोमणा मारला नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं. जून लागला, शाळा सुरू झाली, त्या नेहमीसारख्या डबा उघडून माझ्यासमोर सरकवायच्या. पुढच्या वर्षी तपासणीत नजर आणखी आत आली होती. त्यांनी हिंडणं सोडलं नाही. भाचीला घेऊन भुवनेश्वरला गेल्या, जयपूरला गेल्या, आणि तिकिटं डब्यात पडत राहिली. उंच जागी मात्र गेल्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, “आता खालूनच बराबर दिसतं. बांगडीतून बघितल्यावाणी. बांगडीत एक माणूस मावतो, बस झालं.” रीतही त्यांनी बदलून घेतली. नव्या गावात उतरलं की खिडकीऐवजी दाराजवळची सीट, कारण तिथं चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं.

गोवळकोंड्याला चला, हे मी त्यांना पाच वर्षं म्हणत होते. दर वेळी त्यांचं उत्तर एकच, की आता जाऊन माझं बघणं होणार नाही, तुझं प्रायश्चित्त होईल, आणि त्यासाठी मी एवढ्या पायऱ्या चढणार नाही. या एप्रिलमध्ये का कोण जाणे, हो म्हणाल्या. मी अडुसष्ट, त्या एकोणसत्तर. माझ्याकडे एक पिशवी, त्यात दोन साड्या. कात्रण नाही, कॅन नाही, आणि घरून फोन आला तरी घ्यायचा नाही असं ठरवलेलं.

सकाळी किल्ल्याचं दार उघडताच आत शिरलो. बाईंचा हात माझ्या खांद्यावर. खालच्या कमानीत एक गाइड पोरांना टाळी वाजवून दाखवत होता, की इथली टाळी पार वरच्या माथ्यावर ऐकू जाते. आम्ही दर वळणावर बसत बसत चढलो. बाई दम खात होत्या आणि मला चिडवत होत्या, की पस्तीस मिनिटं झाली, उतरायचं का.

माथ्यावर वारा होता. मी त्यांना कठड्याशी उभं केलं. समोर अख्खं हैदराबाद पसरलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान न वळवता. बाईंनी एका जागी नजर लावली, मग थोडी सरकवली, मग आणखी थोडी. भिंत सारवणाऱ्या बाईचा हात फिरावा तशी त्यांची मान हळूहळू फिरत होती. मी डावीकडून सांगायला सुरुवात केली. तिकडं घुमट आहेत बाई, सात-आठ. त्याच्या पुढं झाडं. मग उंच इमारती, धुरकट. आणि पुढं मला काही सांगता येईना. आवाज चिरकला. नाक वाजलं.

बाईंची मान थांबली. माझ्याकडे न वळता त्या म्हणाल्या,

“रडू नको, कुसुम. तुझं रडणं मला दिसत न्हाई, आन् रडताना समोरचं तुला दिसून न्हाई राह्यलं. मंग आपण दोघी एवढं चढून कशाला आलो?”