काकाजींची तब्येत

शेजारच्या काकाजींना कोणीही, कधीही विचारा, "कसे आहात?" उत्तर ठरलेलं: "एकदम मस्त!" सुपेला नावाच्या चौकात त्यांना एका मालवाहू ऑटोनं उडवलं, तेव्हा मोडका पाय घेऊन रस्त्यात पडल्या पडल्याही त्यांनी हेच सांगितलं, आणि वर त्या ऑटोवाल्यालाच चहा विचारला.

नुकसानभरपाईचा दावा आम्हीच मागे लागून टाकायला लावला. आमच्या वकिलानं पुन्हा पुन्हा पढवलं, "कोर्टात दुखतं म्हणायचं." काकाजींनी शहाण्यासारखी मान डोलावली.

साक्षीच्या दिवशी मी त्यांना धरूनच दुर्गच्या कोर्टात नेलं. ऑटोच्या विमा कंपनीचा तरुण वकील उलटतपासणीला उठला, वाकून त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "कैसे हैं, काकाजी?"

"एकदम बढ़िया, बेटा!"

आमच्या वकिलानं कपाळावर हात मारला. मला तर काकाजींचा दुसराही पाय मोडावासा वाटला.

बाहेर पायरीवर ते मटकन बसले. उठता येईना. तोच विमा कंपनीचा वकील धावत आला. एका बाजूनं त्यानं, दुसऱ्या बाजूनं मी, असं त्यांना उचललं.

"जास्त दुखून राहिलं का जी?" मी विचारलं.

"हळू बोल ना बापा," काकाजी कण्हत माझ्या कानाशी कुजबुजले, "त्यानं ऐकलं तं त्याले बुरं वाटन."