मानसिंगची लांबलेली रजा

उंब्रजच्या अलीकडं हमरस्ता सोडून दोन मैल आत गेलं की आमचं गाव लागतं. घरटी एक माणूस पलटणीत. त्यामुळं गावात दिसलेल्या कुठल्याही धडधाकट पुरुषाला दोनच प्रश्न विचारतात : कवा आला, आणि कवा जानार. ज्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, तो एक तर आजारी असतो, नाही तर पळून आलेला.

मानसिंग यांपैकी कुणीच नव्हता. मुंबईत डिझेल इंजिनं विकणाऱ्या एका कंपनीच्या मार्केटिंग खात्यात त्यानं बारा वर्षं काढली होती. शेतकऱ्याला काय हवं ते शेत न पाहिलेल्या साहेबांना सांगायचं, आणि साहेबांना काय वाटतं ते शेतकऱ्याला. चौतिसाव्या वर्षी तो दोघांनाही कंटाळला. पंच्याहत्तरच्या दिवाळीत राजीनामा देऊन घरी आला आणि वडिलांच्या पलटणीतल्या काळ्या ट्रंकेवर कागद ठेवून जाहिराती लिहू लागला. सांगलीच्या रायगोंडा नावाच्या बियाणेवाल्यासाठी सिनेमाच्या स्लाइड्स, कऱ्हाडच्या छापखान्यासाठी हस्तपत्रकं. काम टपालानं यायचं, टपालानंच जायचं. असं घरात बसूनही काम होतं, हे फक्त त्याच्या बायकोला, अंजनाला ठाऊक होतं. तिचाही पुरता विश्वास नव्हता.

पंचाईत झाली वडिलांची, सुभेदार लालासाहेबांची. पोरगा परत जाणार नाही, हे चावडीपुढं बसणाऱ्या पेन्शनरांना सांगायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी रजा सांगितली. मग वाढवली. मग आजारपणाची केली. शेवटी थकून उन्हाळ्यातल्या एका सोमवारी संपवली.

रजा संपली म्हटल्यावर गाव निरोपाला आलं. शेजारच्या नाथाजी हवालदारानं मुंबईतल्या लेकासाठी कुरडयांचं गाठोडं आणलं.

"लय ठिसूळ हाय गड्या, मांडीवर घिऊन बस."

मानसिंग आत गेला. "आबा, मी जायाचं कुठं?"

"स्टँडपतूर तर जा," सुभेदार भिंतीकडं बघत म्हणाले. "फुडचं फुडं बघू."

गाठोडं मांडीवर घेऊन मानसिंग उंब्रजच्या स्टँडवर दिवसभर बसला. मुंबईची एक गाडी भरून गेली. दुसरीत जागा होती; कंडक्टरनं विचारलंही. पण अंगात घराकडं जाण्यापुरतंच त्राण उरलंय, एवढंच त्याच्या ध्यानात आलं.

तो परतला तेव्हा चावडीपुढं सगळे बसलेले.

"का रं, गाडी चुकली?" नाथाजीनं विचारलं.

मानसिंगनं गाठोडं त्याच्यापुढं ठेवलं. एकही कुरडई मोडली नव्हती. तो तोंड उघडणार, तोच सुभेदार उठले.

"चुकली न्हाई. रिटायर झालाय त्यो."

चौतिशीत रिटायर होणं या गावात नवलाचं नाही. नाथाजी स्वतः पस्तिशीत आला होता. त्यानं हिशेबी मान हलवली.

"बाराच वर्सं व्हय? आवं सुभेदार, पेन्शनला कमी पडली की."

"माजी हाय न्हवं," सुभेदार म्हणाले. "दोगांत चालतीया."

मग नाथाजी कट्ट्यावर थोडा सरकला.

"मग हुबा का? बस की."

मानसिंग बसला.

तेव्हापासून त्याला कवा जानार असं कुणी विचारत नाही. फक्त रोज सकाळी नाथाजी त्याला कट्ट्यावर न्यायला येतो आणि अंजना नाथाजीला दारातच अडवते.

"काम करत्यात, मामा."

"रिटायर मान्साला कसलं काम गं?"

"मलाबी अजून कळलं न्हाई," ती म्हणते. "पर करत्यात."