साडीएवढा कर

बहिणीची हक्कसोडपत्रावर सही व्हायची होती, आणि मी तिच्यासमोरच वारसा कर कसा न्याय्य आहे यावर भाषण ठोकलं. तासाभरानं ठोकलं असतं तरी चाललं असतं.

हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं राजीखुशीनं भावाला सोडायचा. राजीखुशी कागदात लिहिलेली असते आणि बदल्यात बहिणीला साडी मिळते. आमच्याकडे ही रीत इतकी रुळलेली की अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या मागं चकलांब्याची विहिरीसकट जमीन माझी, हे गावानं परस्परच ठरवून टाकलं होतं. आम्ही दोघंच भावंडं. अक्का शिरूरला दिलेली. तिच्याकडे शेरडं भरपूर आणि पाण्याची बोंब. मी बीडला कॉलेजात शिकवतो. जमिनीशी माझा संबंध हुरड्यापुरता.

तर आम्ही गेवराईला रजिस्ट्री कचेरीत आलो. कागद तयार व्हायला वेळ होता म्हणून समोरच्या हॉटेलात चहाला बसलो. पिशवीत बायकोनं निवडलेली हिरवी काठापदराची साडी. शेजारच्या बाकावर काही मंडळी मोबाइलवर चर्चा ऐकत होती: बापाकडून आलेल्या इस्टेटीवर सरकारनं कर घ्यावा का?

"कावून घ्यावा?" पटका बांधलेले एक बाबा म्हणाले. "बापानं कमवायचं, पोराला द्यायचं. मधी सरकार कोण?"

अशा वेळी गप्प बसणारा माणूस सुखी होतो. मी प्राध्यापक आहे.

"बापानं कमावलं, कबूल," मी म्हणालो. "पोरानं काय केलं? जन्मला. त्याच्या कळासुद्धा आईनंच सोसल्या. फुकट आलेल्यातलं निम्मं काढून घेतलं तर अन्याय कसला?"

"पर बापानं घाम गाळला तो पोरासाटीच ना, मास्तर? त्याच्या मनाला काय किंमत न्हाई?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. एकाला जन्मतःच विहीर आणि दुसऱ्याला नुसता माळ, तर मग दोघांच्या कष्टाची तुलना कशी करायची, वगैरे. माना डोलल्या. कुणीतरी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

अक्का बशीतून चहा पीत ऐकत होती. म्हणाली, "हे सगळ्यायला लागू हाय का रं?"

"सगळ्यांना!" मी तोऱ्यात म्हणालो. "सूट कुणालाच नको."

"मंग इहिरीचा तुकडा तुला फुकटच आलाय की."

"अक्का, ते घरचं आहे."

"सगळ्याचं घरचंच असतंय. अण्णासंगं त्या इहिरीतला गाळ मी काढलाय. तू तवा परीक्षेला गेलता." मग तिनं पिशवीकडे बघितलं. "ही साडी म्हंजे तुजा कर का?"

बाबांना ठसका लागला. "असला कर आपल्याला मंजूर हाय, बाई. घरातच ऱ्हातोय!"

अक्कानं सही केली नाही. साडी मात्र घेतली. बायको त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त मुलांमार्फत बोलत होती.

सरकारला देणं आणि बहिणीला देणं एक नव्हे, हे मलाही कळतं. अक्काचा वाटा कर नव्हताच, तिचाच होता. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर अजूनही मला सापडलेलं नाही. पण अण्णांच्या मनाचं म्हणाल, तर ते मन दोघांसाठी होतं आणि मी ते एकट्याच्या नावानं सातबाऱ्यावर चढवायला निघालो होतो.

आता विहीर सामाईक आहे. अक्कानं तिच्या वाट्यात शेरडांच्या चाऱ्यासाठी घास लावलाय. भारे टेम्पोतून शिरूरला जातात. परवा कॉलेजातल्या मित्रांना घेऊन हुरड्याला गेलो. अक्का तीच हिरवी साडी नेसून आगटीपाशी कणसं चोळत होती. मी मित्रांना ऐटीत म्हणालो, "तत्त्वासाठी निम्मी जमीन सोडली मी."

अक्कानं हुरड्यातला भुसा फुंकला.

"तत्त्व कशाचं रं? तोंड आवरलं न्हाई तुला."