मोडायचा कुठला?

खडेबाजारातल्या जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला आम्ही नुसतं अण्णा म्हणतो. काहीही मागा, आधी "न्हाय" म्हणणार, मग खोका उघडणार. आपल्या स्क्रूड्रायव्हरला मात्र कुणाला हात लावू देत नाहीत.

माझ्या जुन्या ऑसिलोस्कोपची, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, पिक्चर ट्यूब गेली. तसली ट्यूब आता कुठंच मिळत नाही. अण्णांच्या फळीवर तसाच स्कोप होता. त्याची ट्यूब चांगली, पण ट्रान्सफॉर्मर जळालेला. बंद असूनही अण्णा तो रोज पुसायचे.

"दोन्ही बंद ठिवून काय करायचं रं? एक मोडाय पायजे," अण्णा म्हणाले.

कुठला, ते काही ठरेना.

शेवटी अण्णांनी स्वतःचा स्कोप खाली घेतला. स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि हात तिथंच थांबला. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात कोंबून ते रस्त्याकडं तोंड करून बसले.

"तूच काढ. लौकर."