इचार करून सांगते

"आले, आले," म्हणत ती उठायची, तेव्हा समोरच्याचं बोलणं निम्मंही झालेलं नसायचं. काम कसलं, किती वेळाचं, पैसे किती, यातलं काही कानावर पडायच्या आत तिचा पदर कमरेला खोचलेला असे. असं माणूस तुमच्याही गावात असणार. 'कामाला वाघ आहे' म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. मीही बरीच वर्षं करत होतो.

नसरापूरच्या पुढे, हायवेपासून थोडं आत आमचं गाव. माझी पिठाची गिरणी आणि समोर तिचं घर. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा नोकरीला बाहेर. सगळे तिला आक्का म्हणत. हायवेवरच्या मंगल कार्यालयात पंगती उठल्या की पातेली, कढया घासायला आक्का. कार्यालयाचे मालक म्हणजे दादा. त्यांची रिक्षा बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजवी आणि ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून निघे. पैसे दादांच्या मर्जीचे, कधी त्याऐवजी उरलेली जिलेबी. ती जिलेबी गिरणीत आणून आम्हाला वाटायची. "माझ्या घशाखाली उतरत न्हाई, भाऊ. वास लई बसलाय नाकात."

मग तिला निराधार योजनेचे पैसे सुरू झाले. आमच्याकडे त्याला पगार म्हणतात. पगार कसला, एका जिवाचं तेलमीठ कसंबसं निघेल एवढाच. पण तो दर महिन्याला यायचा आणि कुणाच्या पाया न पडता यायचा.

पुढच्या खेपेला हॉर्न वाजला तेव्हा आक्का दारात येऊन ड्रायव्हरला म्हणाली, "इचार करून सांगते."

तो हसला. "कसला इचार, आक्का? भांडी घासायचीत."

"त्याचाच. किती वाजता सोडणार, किती देणार, दादांना इचारून ये. मग सांगते."

गावात बोभाटा झाला. "फुकटचं मिळालं की मानूस माजतंय," असं माझ्या गिरणीत उभं राहून कोण म्हणत होते, तर ज्यांच्या खात्यात शेतीचा सरकारी हप्ता न चुकता येतो तेच. नको ते कानावर येऊ लागलं की मी गिरणी सुरू करतो. त्या दिवसांत माझं वीजबिल वाढलं असणार.

बरं, तिने काम सोडलंच नव्हतं. जायची, पण ठरवून जायची. दादांनी काही दिवस फुगून पाहिलं, मग मुकाट मजुरी वाढवली. त्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला कार्यालयात मोठं लग्न होतं. आक्का गेली नाही. पांढरी साडी नेसून विहारात पहिल्या रांगेत बसली. संध्याकाळी वाटीभर खीर घेऊन आली आणि म्हणाली, "इतकी वर्सं म्या निस्ता लांबून माईक ऐकला, भाऊ. आज बसून ऐकलं." ही खीर मात्र तिने माझ्याबरोबर बसून खाल्ली.

त्यानंतर योजनेची फेरतपासणी आली. सावली होती म्हणून भोरच्या तहसील कचेरीतून आलेले साहेब गिरणीच्याच ओट्यावर बसले. भोवती निम्मं गाव.

"मुलगा काय करतो?"

"शिरवळच्या बाजूला कंपनीत हाय."

"पैसे पाठवतो का?"

मुलगा दिवाळीलासुद्धा फिरकत नव्हता. साहेब सोडून तिथल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. मी डोळे मोठे करून आक्काकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला.

"पाठवतो की. लई गुणाचा हाय. माझं समदं त्योच बगतो."

पगार बंद झाला.

मी भडकलो. "आक्का, काय करून बसलीस हे?"

"मग काय सांगू? चारचौघांत पोराची अब्रू घालवू व्हय?"

"चारचौघांत नको. अर्ज लिहू. मी येतो भोरला तुझ्याबरोबर."

"म्हंजी कागदावर लिवून द्यायचं, पोरगं आईला बगत न्हाई म्हणून? न्हाई, भाऊ."

हे काही तिने विचार करून सांगितलं नाही. त्या मुलाचा मला राग येतो, तिचाही येतो आणि साहेबांच्या त्या प्रश्नाचा सगळ्यात जास्त येतो. टीव्हीवर शहाणी माणसं वाद घालतात, की सगळ्यांनाच दरमहा ठरावीक पैसे दिले तर लोक आळशी होतील का. त्यांना सांगावंसं वाटतं, बाबांनो, द्या, आणि देताना ओट्यावर बसवून घरातलं विचारू नका. पण टीव्हीला कोण ऐकवणार? मी तो बंद करतो.

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून विहाराकडे निघाली होती. माझ्या दारापर्यंत आली असेल, तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला. ड्रायव्हरने रिक्षातून डोकं बाहेर काढलं.

"आक्का, दादांनी..."

"आले, आले," ती म्हणाली. पांढरा पदर कमरेला खोचलेला होता.

रिक्षा गेली. विहारात वंदना सुरू झाली, माईकचा आवाज ओट्यापर्यंत येऊ लागला. दळणाला कुणी आलेलं नव्हतं. मी गिरणी सुरू केली.